नागलीचा दाणा आणि बाळाचा दंड

पालघर जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा हे दोन डोंगराळ तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्यापूर्वी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो. डोंगरउतारावर भात, वरई आणि नागली पिकते. नागली म्हणजेच नाचणी. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी अशा येथील लोकांच्या घरी नागलीची भाकरी होते.

मुलांनो, नागलीचा एक दाणा केवढा असतो? तुमच्या कंपासपेटीतील पट्टीवर तो ठेवून पाहा. तो एका मिलिमीटरपेक्षा मोठा दिसेल आणि दोन मिलिमीटरांपेक्षा लहान. तुम्ही म्हणाल, ‘दीड मिलिमीटर असेल.’ पण हा अंदाज झाला, माप नव्हे. पट्टीवर एक मिलिमीटरपेक्षा लहान खूण नसते. एखाद्या साधनाने जे सर्वांत लहान माप मोजता येते, त्याला त्या साधनाचे लघुतम माप म्हणतात. आपल्या पट्टीचे लघुतम माप एक मिलिमीटर आहे. दाणा मोजायला ती पुरत नाही.

पूर्वी कापड गजाने मोजत. उर्दूतला गज मराठीतही गजच आहे. एका गजाचे चोवीस तसू होत. कापडाच्या दुकानात तसूएवढे बारीक माप पुरेसे होते. यंत्राचा भाग किंवा तारेची जाडी मोजायची तर त्याहून फार बारीक माप लागते. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर असतो. आजच्या फ्रान्समधील ओर्नान्स गावी जन्मलेल्या पिअर व्हर्निअर याने १६३१ साली एका पुस्तकात सरकत्या पट्टीची ही युक्ती सांगितली. त्याने ती कोन मोजण्याच्या साधनासाठी योजली होती. लांबी मोजण्यासाठी ती पुढे वापरात आली.

युक्ती मोठी मजेदार आहे. कॅलिपरवर दोन पट्ट्या असतात. मुख्य पट्टी आपल्या नेहमीच्या पट्टीसारखी असते. तिच्या अंगावरून दुसरी लहान पट्टी सरकते. या सरकत्या पट्टीवर नऊ मिलिमीटर लांबीचे दहा सारखे भाग केलेले असतात. म्हणजे तिचा एक भाग ०.९ मिलिमीटरचा झाला. मुख्य पट्टीच्या भागापेक्षा तो ०.१ मिलिमीटरने लहान आहे. आता दोन्ही शून्ये जुळवा आणि सरकती पट्टी ०.१ मिलिमीटर पुढे न्या. तिची पहिली रेषा मुख्य पट्टीच्या रेषेशी जुळेल. ०.२ मिलिमीटर न्या, दुसरी रेषा जुळेल. असेच पुढे. दोन रेषांमध्ये किती बारीक अंतर आहे, हे आपल्या डोळ्याला सांगता येत नाही. पण दोन रेषा एका ओळीत आल्या आहेत की नाहीत, हे त्याला चटकन कळते. डोळ्याला जे सोपे जाते तेच काम व्हर्निअरने त्याला दिले.

आता दाणा कॅलिपरच्या दोन जबड्यांत अलगद धरा. दाबू नका. सरकत्या पट्टीचे शून्य मुख्य पट्टीवरील कोणत्या रेषेच्या पुढे गेले ते पाहा. समजा, ते १ मिलिमीटरच्या पुढे आहे आणि सरकत्या पट्टीची सहावी रेषा जुळली आहे. मग दाण्याची जाडी १ + ६ × ०.१ = १.६ मिलिमीटर. रेषा पाहताना डोळा अगदी समोर ठेवा. तिरके पाहिले तर शेजारची रेषा जुळल्यासारखी वाटते.

एक काम मात्र दाणा धरण्याच्या आधीच करायचे असते. जबडे पूर्ण मिटा. दोन्ही शून्ये समोरासमोर आली तर ठीक. सरकते शून्य उजवीकडे राहिले, तर कॅलिपर प्रत्येक माप थोडे जास्त दाखवील. तेवढा फरक वजा करावा लागेल. ते डावीकडे गेले, तर फरक मिळवावा लागेल. याला शून्यांक त्रुटी म्हणतात. परीक्षेत पुष्कळ मुलांचे गुण येथेच जातात.

गुण गेले तर पुढच्या वेळी मिळवता येतात. पण याच जव्हार-मोखाड्यात मिलिमीटरचे आणखी एक माप घेतले जाते आणि तेथे चूक होऊन चालत नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणामुळे अनेक बालके दगावली. साऱ्या महाराष्ट्रात त्याची चर्चा झाली. २०१६ सालीही मोखाडा तालुक्यातून कुपोषित बालकांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. कोणते मूल जास्त अशक्त आहे, हे वेळेवर ओळखले तर त्याला उपचार मिळतात. ते ओळखण्याची एक रीत म्हणजे बाळाचा दंड मोजणे.

दंड म्हणजे खांदा आणि कोपर यांमधला हाताचा भाग. उर्दूत त्याला ‘बाजू’ म्हणतात. मराठीत मात्र ‘बाजू’ म्हणजे कड. (आणि चुकीबद्दल भरायचा दंड तो निराळाच!) दंडच का मोजायचा? एक ते पाच वर्षे वयात निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. त्यामुळे नेमके वय ठाऊक नसले तरी काम भागते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते अतितीव्र कुपोषित समजतात. ११.५ ते १२.५ सेंटीमीटरच्या आत असला, तर कुपोषण मध्यम समजतात. टेपवर यासाठी लाल, पिवळा आणि हिरवा असे रंग असतात. बगदादचे डॉ. शाकिर यांनी १९७० नंतरच्या दशकात अशी रंगीत पट्टी प्रचारात आणली. म्हणून तिला आपल्याकडे शाकिर टेप असेही म्हणतात. त्यांच्या पट्टीवरचा लाल रंग १२.५ सेंटीमीटरच्या खाली होता. आजच्या टेपवर तो ११.५ च्या खाली असतो. म्हणून नुसता रंग पाहू नये, आकडाही वाचावा.

तुम्ही विचाराल, इतका बारीक मोजणारा कॅलिपर असताना टेप कशाला? एक कारण उघड आहे. दाणा कठीण असतो, दंड मऊ. जबडे थोडे दाबले की माप बदलते. दुसरे कारण गणिताचे आहे. दंड साधारण गोल धरा. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. ११.५ सेंटीमीटर घेराचा व्यास सुमारे ३.६६ सेंटीमीटर येतो आणि १२.५ सेंटीमीटर घेराचा ३.९८. म्हणजे घेरात जो फरक पुरा एक सेंटीमीटर आहे, तो आरपार मोजला तर जेमतेम तीन मिलिमीटर उरतो! साधी टेप हा लहान फरक तिपटीने मोठा करून दाखवते. खात्री करायची असेल, तर स्टीलच्या पेल्याच्या तळाचा व्यास कॅलिपरने आणि घेर दोऱ्याने मोजून पाहा.

टेप साधी असली तरी मोजण्याची शिस्त तीच. डाव्या हाताचे कोपर काटकोनात वाकवतात. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून बरोबर मध्यावर खूण करतात. मग हात सैल सोडून त्या खुणेवर टेप गुंडाळतात. टेप कातडीला टेकली पाहिजे, पण तिने मांस दाबता कामा नये. बाळ रडत असते, हात झटकत असते. त्याला शांत करून पुन्हा मोजावे लागते. ११.४ आणि ११.६ यांत फक्त दोन मिलिमीटरांचा फरक आहे, पण त्यावर बाळाचा उपचार ठरतो. पूर्वी अतितीव्र कुपोषणाची मर्यादा ११ सेंटीमीटर होती. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती ११.५ केली. धोक्यात असलेली अधिक मुले त्यामुळे वेळेवर लक्षात येऊ लागली.

प्रत्येक गोष्ट टेपला दिसते असे मात्र नाही. कुपोषणामुळे काही मुलांच्या अंगावर सूज येते. मग दंड भरलेला दिसतो आणि टेप फसते. म्हणून दोन्ही पावलांवर अंगठा थोडा वेळ दाबून धरतात. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला, तर घेर कितीही असो, बाळाला दवाखान्यात न्यावे लागते.

उंचीचीही अशीच एक गंमत आहे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला निजवून मोजतात, त्यापुढच्याला उभे करून. तेच मूल निजलेले असताना उभ्यापेक्षा सुमारे सात मिलिमीटर जास्त लांब भरते. म्हणून नोंदवहीत आकड्याबरोबर ‘निजून’ की ‘उभे’ हेही लिहितात.