लेपाने उजळणारे कण

पितळेच्या भांड्यास कल्हई केली, तरी आतील धातूचे गुणधर्म बदलत नाहीत. परंतु कण काही नॅनोमीटरांएवढा, म्हणजे मीटरच्या काही अब्जांशांएवढा असेल, तर त्याचे प्रकाशीय गुणधर्म लेपावरही अवलंबून असतात.

अशा कणातील अणूंचा मोठा भाग पृष्ठभागावरच असतो. तेथील काही बंध अपुरे राहतात. प्रकाश शोषून उद्दीपित झालेले इलेक्ट्रॉन त्यांत अडकतात व त्यांची ऊर्जा बहुधा उष्णतारूपाने वाया जाते. शिवाय उघडे कण एकमेकांस चिकटून वाढतात आणि आकाराबरोबर त्यांनी शोषलेल्या प्रकाशाची तरंगलांबीही बदलते.

पुणे विद्यापीठातील शैलजा महामुनी, सुलभा कुलकर्णी व सहकाऱ्यांनी झिंक सल्फाइडाच्या कणांना थायोफिनॉल या कार्बनी संयुगाचा लेप दिला. त्यांचा निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. थायोफिनॉलातील गंधक कणाच्या पृष्ठभागाशी जोडला जातो व कणाची वाढ आवरली जाते.

पुढे १९९६ मध्ये शिकागो येथे झिंक सल्फाइड हेच आवरण झाले. कॅडमियम सेलेनाइडाच्या कणांवर त्याचा पातळ थर देताच शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे सुमारे ५० परत मिळाले.

आज दूरचित्रवाणीच्या काही पडद्यांत असे आवरणयुक्त कण वापरतात. आवरण सदोष असल्यास हवा व ओलावा यांमुळे त्यांचा प्रकाश मंदावतो.