कावीळ एक, व्हायरस पाच

आंब्याच्या झाडाला रत्नागिरीत फक्त हापूसपुरतं काम नाही. कावीळ ‘उतरवणारे’ काहीजण आंब्याच्या सालीचा रस रोग्याच्या हाताला चोळतात आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात. पाणी पिवळंधमक! घरचे खूश, उतरली म्हणून. खरं तर सालीतलं द्रव्य चुन्याला भेटलं की पिवळं होणारच. ठणठणीत माणसाचे हात धुवा, पाणी तेवढंच पिवळं. तरी उतरवणाऱ्याचं नाव होतं, कारण दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या काविळी बहुतेकांच्या काही आठवड्यांत आपणहून बऱ्या होतात. श्रेय आयतं.

बी आणि सी वेगळे. ते बहुधा रक्तातून येतात (बी तर आईकडून बाळालाही, शरीरसंबंधातूनही) आणि डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षं यकृत पोखरतात. उतरवायला काही दिसतच नाही. ‘कुली’ सिनेमाच्या चित्रीकरणातल्या अपघातानंतर १९८२ मध्ये चढवलेल्या रक्तातून अमिताभ बच्चन यांना बी मिळाला. कळलं तेव्हा पाऊण यकृत निकामी झालं होतं, असं ते स्वतःच सांगतात.

यातले दोन व्हायरस एकाच यकृतात भेटले, की मात्र नियम बदलतात.

सगळ्यात अजब डी. इटलीतल्या तुरिनमध्ये मारिओ रिझेत्तो यांना तो १९७७ च्या सुमारास सापडला. त्याला स्वतःचं बाहेरचं आवरणच नाही, ते तो बीकडून घेतो. दुसऱ्याचा सदरा चढवून पंगतीला बसणारा पाव्हणा म्हणा ना! बी नसेल तर डीचं काही चालत नाही. त्याची जनुकीय रचनाही इवलीशी, साधारण १,७०० अक्षरांची, आणि तिचं साम्य आहे वनस्पतींना छळणाऱ्या व्हायरॉइडशी. फिलिपिन्समध्ये असल्याच एका व्हायरॉइडनं कोट्यवधी माड मारले. गुहागरच्या बागायतदारांनी घाबरू नये, डी माडावर चढत नाही. बी आणि डी एकदमच आले तर बहुतेक वेळा दोघंही निघून जातात. पण जुन्या बीच्या घरात डी मागाहून शिरला, तर तो सहसा मुक्कामच ठोकतो आणि सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) लवकर गाठतो. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत बीची लस टोचली की डीचीही वाट बंद. एवढी स्वस्त दुहेरी सोय मला दुसरी माहीत नाही.

सी दांडगट. तो बीच्या सोबत असला तर बहुधा बीला दाबून ठेवतो. आता बारा आठवडे गोळ्या घेतल्या की सी बहुतेकांचा कायमचा जातो, आणि नेमकं तेव्हाच दबलेला बी डोकं वर काढू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१६ मध्ये या गोळ्यांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. म्हणून सीच्या गोळ्यांआधी बीची तपासणी. हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

ईचा महाराष्ट्राशी घरोबा जुना. कोल्हापुरात १९८१ मध्ये पाण्यातून कावीळ पसरली, इचलकरंजीत २०१२ मध्ये. दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीत सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली आणि ती एची असं सगळ्यांनी धरलं. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने १९८० मध्ये तपासल्यावर ती एची नव्हती, हे सिद्ध झालं. त्या कामात पुण्याच्या विषाणू संस्थेचाही हात होता. धडधाकट माणूस ईमधून सहसा उठतो. गरोदर बाईला मात्र तो जिवावर बेततो, आणि आधीच बी, सी किंवा दारूनं सिरॉसिस झालेल्याचं यकृत ए किंवा ई थोड्याच आठवड्यांत बंद पाडू शकतो. तेव्हा पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढुळलं, की यकृताच्या रोग्यानं ते उकळल्याशिवाय तोंडी लावू नये.

आणि काविळीवर घरोघरी दिली जाणारी भुईआवळी? कोकणातल्या पावसात परसात उगवणाऱ्या या रोपाची थेट नोबेलविजेत्याशी ओळख आहे. बी शोधणारे बरूच ब्लुमबर्ग १९८८ मध्ये चेन्नईच्या संशोधकांबरोबर एका शोधनिबंधाचे सहलेखक होते: भुईआवळी घेतलेल्या ५९ टक्के लोकांच्या रक्तातून बीची खूण गेली. मोठी खळबळ! पुढच्या चाचण्यांत मात्र तो आकडा काही पुन्हा हाती आला नाही. ब्लुमबर्ग यांचा वाढदिवस २८ जुलै, तोच जागतिक हिपॅटायटिस दिन; भुईआवळीचा ऐन हंगाम.

मग एफ, जी? एफ जाहीर झाला, सिद्ध झाला नाही. जी सापडला, पण यकृताला काही करत नाही असं निघालं. यादी अजून ईवरच अडली आहे.