संथ ब्रॉडबँड आणि अन्वय-व्यतिरेक

कारण शोधायचं कसं, हा आजचा विषय. उदाहरण घरातलंच घेतो.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट, म्हणजे एडीएसएल, संथ झालं की आपण थेट कंपनीवर चिडतो. मीही चिडलो. लाइनमन तीनदा येऊन गेले. ‘लाइन ठीक आहे, घरातली वायरिंग बघा,’ म्हणाले. मी ऐकलं नाही. वर तक्रारीत त्यांना कामचुकार म्हटलं.

आता बघा, त्या एकाच तारेवरून दोन गोष्टी येतात. आवाज साधारण 4 किलोहर्ट्‌झच्या खाली, इंटरनेट 25 किलोहर्ट्‌झच्या वर. दोघांना वेगळं ठेवते ती स्प्लिटर नावाची छोटी डबी. एखादा फोन तिला वगळून जोडला, की तो मोडेमच्या कामात लुडबूड करतो.

मग तपासायचं कसं? न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक वापरा. कारण असेल तिथे कार्य, कारण काढलं की कार्यही नाही. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिलं, संगणक वायफायऐवजी केबलने मोडेमला जोडा. वेग सुधारला तर दोष वायफायचा, लाइनचा नाही.

दुसरं, घरातले सगळे जोडफोन काढा आणि तार घरात शिरते तिथल्या पहिल्याच सॉकेटला मोडेम लावा. वेग आला तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये.

तिसरं, त्याच सॉकेटला नुसता फोन लावून ऐका. खरखर असेल तर बाहेर कुठेतरी जॉइंट गंजलेला असू शकतो किंवा पाणी शिरलेलं असू शकतं. आता खुशाल तक्रार करा, हातात पुरावा आहे.

चौथं, मोडेमच्या सेटिंगमध्ये ‘एसएनआर मार्जिन’ बघा. तो 6 डेसिबलच्या खाली असेल तर लाइन वारंवार तुटू शकते.

आणि अंतर विसरू नका. एडीएसएल टू प्लसचा कमाल वेग 24 एमबीपीएस, पण एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवर त्यातला थोडाच उरतो. त्यात दोष कुणाचाच नसतो.

माझ्याकडे दुसऱ्याच पायरीला वेग परत आला. झोपायच्या खोलीतला जुना फोन स्प्लिटरला वगळून जोडलेला होता, आणि तो जोडला होता मीच! आयुष्यभर वर्गात ‘शब्द’ हेही प्रमाण आहे असं शिकवलं, पण जाणकार माणूस दारात उभा राहून सांगत होता तेव्हा ते आठवलं नाही. तक्रार मागे घेतली. लाइनमनना फोन करून माफीही मागितली.