मान मोडली, गोल नाही सोडला
बर्ट ट्राउटमन माझा सर्वांत आवडता गोलकीपर! मूळचा ब्रेमेनचा, महायुद्धात जर्मन पॅराट्रूपर, मग इंग्लंडमध्ये युद्धकैदी. गोलमध्ये उभा राहायला लागला तो छावणीतच. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं तेव्हा लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. शहरातले ज्यू धर्मगुरू, रब्बी अलेक्झांडर आल्टमन यांनी मात्र जाहीर पत्र लिहून त्याची बाजू घेतली. केवढं मोठं मन!

१९५६ची एफए कप फायनल. १७ मिनिटं उरलेली. बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीच्या पायांत त्याने झेप घेतली आणि मर्फीचा गुडघा मानेवर आदळला. बदली खेळाडू तेव्हा नसायचेच. मान धरून तो उठला, पुढचे बॉलही अडवले. सिटी ३-१ने जिंकली. काही दिवसांनी एक्स-रेत दिसलं, दुसरा मणका दुभंगलाय. तिसरा त्यात घट्ट अडकला म्हणून जीव वाचला. पुढे १९६४ पर्यंत तो सिटीकडूनच खेळला, एकूण ५४५ सामने.