दुखणं सांगणं म्हणजे नाशुक्री नव्हे

खालाजानला स्तनाचा कर्करोग होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, दोन वर्षं बरी गेली आणि मग कंबर दुखू लागली. महाडला आधी मणक्याची झीज समजून गोळ्या दिल्या गेल्या. स्कॅन केला तेव्हा कळलं की आजार हाडांत उतरलाय. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तिला दाखल केलं. तिच्या दोन्ही सुना लेकुरवाळ्या, म्हणून तीमारदारीला मी राहिले.

रोज सकाळी राऊंडला डॉक्टर यायचे. "आजी, कसं वाटतंय?" खालाजानचं उत्तर ठरलेलं, "अल्हम्दुलिल्लाह, बरं आहे." डॉक्टर कागदावर काहीतरी लिहायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. वॉर्डात साठ रुग्ण, त्यांना तरी दोष कसा द्यावा! असे चार दिवस गेले. पाचव्या रात्री तीनच्या सुमारास रात्रपाळीच्या सिस्टरना खालाजान खाटेच्या कठड्याला टेकून बसलेली दिसली. हातात तसबीह, अंगाला घाम. जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. सिस्टरनी विचारलं, "आजी, अजिबात दुखत नसेल तर शून्य, आणि याहून जास्त दुखूच शकत नाही असं असेल तर दहा. तुमचं किती?"

खालाजानने आधी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "नऊ."

चार रात्री मी तिच्या पायथ्याशी चटई टाकून झोपत होते आणि मला पत्ता नव्हता.

सकाळी मी चिडून विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, "सब्र करायचं सोडून रडगाणं गाऊ काय गो? आणि तू घाबरली असतीस." आपल्या घरांतल्या मोठ्या बायांचं हे असंच असतं. सून बाळंतपणात कण्हली तरी ज्यांना खपत नाही, त्या स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. खालूंनी मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, हजरत अय्यूब (अ.) यांच्याहून मोठं सब्र कुणाचं? त्यांनीही आपला त्रास रबकडे बोलून दाखवलाच ना? मग डॉक्टरला दुखणं सांगण्यात नाशुक्री कसली? त्या दिवसापासून खालाजान आकडा सांगू लागली.

मला तेव्हा एक गोष्ट नवी कळली. कर्करोगाचं दुखणं हे आजाराबरोबर येणारच, ते सोसायचंच, असं मी धरून चालले होते. खरं म्हणजे बहुतेक रुग्णांचं दुखणं औषधांनी आटोक्यात येतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली त्यासाठी एक साधी शिडी घालून दिली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या, दुसरीवर ट्रामाडॉल किंवा कोडीन, आणि त्यानेही भागलं नाही तर मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने द्यायचं आणि घड्याळाच्या काट्यावर द्यायचं. दुखायला लागल्यावर गोळी शोधायची नाही, दुखणं परतण्याआधीच पुढची गोळी पोटात गेली पाहिजे. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी असते. मध्येच दुखणं उसळलं तर त्यासाठी वेगळी जादा गोळी लिहून दिलेली असते.

पण नुसता आकडा सांगून भागत नाही. कुठे दुखतं, कधी वाढतं, कसं दुखतं? ठणकतं, की आग होते, की विजेसारखी कळ जाते? आग आणि कळ असेल तर नस दबलेली असण्याची शक्यता असते आणि तिची औषधं निराळी. हाडाच्या दुखण्यावर तर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, फार उपयोगी पडतं. खालाजानला कंबरेवर एकदाच शेक दिला. दोन आठवड्यांत फरक पडला. तोवर मॉर्फिनने तिला झोपू दिलं.

मॉर्फिनचं नाव काढल्यावर आमच्या घरात झालेला गोंधळ लिहायलाच हवा. थोरला मामेभाऊ म्हणाला, "ही तर अफू!" धाकटा म्हणाला, "म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले." खालूंचा प्रश्न होता की हे नशेत मोडतं का, जायज आहे का. पुन्हा इमामसाहेब. ते एवढंच म्हणाले की, डॉक्टरने इलाजासाठी दिलंय, नशेसाठी घेत नाही, मग शंका कसली?

मॉर्फिन अफूपासूनच बनतं, हे खरं. पण दुखण्यासाठी मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलेल्या औषधाचं व्यसन लागणं फार क्वचित घडतं. शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करायचं असतं. सवय होणं आणि त्यामागे वेडं होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हे औषध फक्त मरणाच्या दारात देतात असंही नाही. दुखणं जास्त असेल तर केमो चालू असतानाही देतात, दुखण्याचं कारण दूर झालं की कमी करून थांबवतातही.

सुरुवातीचे तीन-चार दिवस गुंगी येते, मळमळतं. ते बहुधा आपोआप कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही. त्यासाठी पहिल्या दिवसापासूनच रेचक घ्यावं लागतं, नुसत्या इसबगोलावर भागत नाही. आम्ही लाजून हे विचारलंच नाही आणि सहा दिवस खालाजानचे हाल झाले. चूक आमचीच.

हे औषध सगळीकडे का मिळत नाही, याचंही उत्तर आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन ठेवण्यासाठी इतके परवाने लागू लागले की कित्येक इस्पितळांनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४ साली कायदा बदलून वाट थोडी सोपी झाली. तरी तालुक्याच्या औषध दुकानात ते मिळेल या भरवशावर राहू नका. इस्पितळातून निघताना पुढच्या भेटीपर्यंत पुरेल एवढं औषध, चिठ्ठीसह, मोजून घ्या.

आता 'हात टेकले' या समजाबद्दल. मोठ्या कर्करोग इस्पितळांत वेदनाशमनाचा वेगळा विभाग असतो. पॅलिएटिव्ह केअर हे नाव पाटीवर वाचलं की नातेवाईक हादरतात. आम्हीही हादरलो. या विभागाचं काम दुखणं, उलट्या, धाप, तोंडातल्या जखमा, झोप, मनाची घालमेल हे सगळं पाहण्याचं असतं आणि ते आजारावरच्या उपचारांबरोबरच चालू शकतं. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, जिथे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना मोफत ठेवून घेतात. केरळने तर हे काम घरोघरी नेलं. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली, पुढे मलप्पुरमसारख्या मुस्लिमबहुल जिल्ह्यात गावोगावचे स्वयंसेवक, दुकानदार, विद्यार्थी त्यात उतरले. लोक थोडे थोडे पैसे देतात, नर्स घरी येऊन जखम धुते, औषध देते. आपल्या जमातीत बैतुलमाल आहेत, रुग्णवाहिकाही आहेत. असं काही आपल्याकडे का नाही, हा प्रश्न मी मशिदीच्या कमिटीवरच्या दोघांना विचारून झालाय. उत्तर अजून आलेलं नाही.

इयादतीबद्दलही थोडं. आजाऱ्याला भेटायला जाणं सवाबाचं काम, यात वाद नाही. पण केमोनंतर साधारण एक-दोन आठवडे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि साध्या सर्दीनेही रुग्ण गंभीर होऊ शकतो. खालाजानच्या पहिल्या केमोनंतर घरी दोन दिवसांत चाळीस माणसं येऊन गेली. प्रत्येकाने हात हातात घेतला, मुलांना खाटेवर बसवलं. चौथ्या दिवशी ताप. आम्ही क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहिली, आणि तिथे डॉक्टरांनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. केमो चालू असताना १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर रात्र असो की पहाट, तडक इस्पितळ गाठायचं असतं. भेटायला आलात तर हात धुवा, दारातून दुआ द्या, खोकला असेल तर फोन करा. बिर्याणीचा डबा आणायचाच असेल तर तीमारदारीला बसलेल्या बाईसाठी आणा. इस्पितळाच्या जिन्यात उभं राहून खाल्लेल्या अशा एका डब्याची चव मला अजून आठवते.

त्या वर्षी रमजान आला. आजाऱ्याला सवलत आहे हे खालाजानला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, तरी तिला रोजे हवे होते. डॉक्टरांशी बोलले. दर चार तासांची गोळी बदलून बारा तास चालणारी गोळी देता येते, ती सेहरीला आणि इफ्तारला घेता येईल, असं ते म्हणाले. ही गोळी मात्र फोडून, कुटून द्यायची नसते. पण उन्हाळ्यात दिवसभर पाणी नाही, हे त्यांना पसंत नव्हतं. खालाजानने तीन रोजे धरले. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "फिदया देऊन टाका."

पुढचे सात महिने ती महाडला घरी होती. मी एक वही केली होती, तारीख, वेळ, आकडा, गोळी. बहुतेक पानांवर दोन आणि तीन लिहिलेलं आहे. काही दिवस सात, एकदा आठ. त्या दिवशी फोनवर डोस वाढवून घेतला. तिने नातवाला कुरआनचा शेवटचा पारा त्याच महिन्यांत शिकवला.

तिच्या इंतकालनंतर अकरा गोळ्या उरल्या. शेजारच्या एका घरी कर्करोगाचा रुग्ण होता, त्यांनी त्या मागितल्या. दिल्या नाहीत, कारण डोस ज्याचा त्यालाच ठरवून दिलेला असतो. त्यांना त्या विभागाचा पत्ता लिहून दिला. गोळ्या आम्ही मुंबईला परत नेल्या. सिस्टरनी मोजल्या, रजिस्टरमध्ये नोंदवल्या आणि खालूंची सही घेतली.