एक्सप्लेनर : सीलिंग फॅन थ्री-पिन लावून सॉकेटवर चालवता येतो का?

भाड्याच्या खोलीत छताला हूक असतो, पण पंख्याची वायरिंग बंद पडलेली किंवा मुळातच नसते. घरमालक भिंत फोडू देत नाही. जेएनपीए बंदर आणि गोदामांच्या कामासाठी जासई परिसरात खोली घेणाऱ्यांपुढेही ही अडचण येऊ शकते. अशा वेळी पंख्याला थ्री-पिन लावून तो भिंतीवरच्या सॉकेटवर चालवता येईल का? येईल, पण काही अटी पाळूनच.

सॉकेटवर लोड येईल का?

नाही. साधा पंखा साधारण 75 वॅटचा असतो. 230 व्होल्टवर तो जेमतेम 0.33 अँपिअर करंट घेतो, तर नेहमीचा छोटा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. धोका लोडचा नाही, जोडणीचा आहे.

सर्वांत घातक जुगाड कोणता?

वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये खोचून काडेपेटीच्या काडीने घट्ट करणं. पंख्याच्या कंपनांनी टोक सैल होतं, ठिणग्या उडतात. टोक निसटलं तर जिवंत वायर हाताशी लोंबकळते. दोन तारांच्या वायरमध्ये अर्थिंगही नसतं. त्यामुळे आत इन्सुलेशन खराब झालं तर पंख्याच्या धातूच्या भागात करंट उतरू शकतो. खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत जोडणीची टोकंही लवकर गंजतात.

योग्य पद्धत काय?

• आयएसआय मार्कची तीन तारांची, किमान 0.75 चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर घ्या. मध्ये जोड नको.

• थ्री-पिनमध्ये एल, एन, ई या खुणा पाहूनच तारा जोडा. लवचिक वायरमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ असते. मात्र भिंतीतल्या वायरिंगमध्ये निळी तार फेजचीही असू शकते. फक्त रंगावर विसंबू नका.

• हिरवी-पिवळी तार पंख्याच्या अर्थ टर्मिनलला जोडा. सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.

• पंख्याचं वजन हूक आणि रॉडनेच पेलायला हवं. वायरवर ताण येता कामा नये. पाती जमिनीपासून किमान 8 फूट उंच हवीत.

• वायर छत आणि भिंतीवरून क्लिप मारून, पात्यांपासून दूर न्या. दार-खिडकीच्या फटीतून नेऊ नका, पीओपीमागे लपवू नका. एक्स्टेंशन बोर्ड हा कायमचा उपाय नाही.

आधीची वायरिंग असेल तर?

फक्त बटण बंद करून हात घालू नका. जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं. मग बटण बंद असलं तरी पंख्यापर्यंत फेज राहतो. मेन स्विच बंद करा. पंख्याच्या कॅपॅसिटरमध्येही काही काळ चार्ज राहू शकतो. मोकळी झालेली टोकं इन्सुलेटेड कनेक्टरमध्ये वेगवेगळी बंद करा, फक्त टेप गुंडाळून सोडू नका.

वेग कसा कमी-जास्त करायचा?

बोर्डावरचा रेग्युलेटर आता उपयोगाचा नाही. त्यामुळे रिमोटवर चालणारा बीएलडीसी पंखा सोयीचा. तो साधारण 30 वॅट घेतो. रोज 10 तास चालवला तर 75 वॅटच्या पंख्याला महिन्याला 22.5 युनिट लागतात, याला 9. खोली सोडताना पंखा सोबतही नेता येतो.

स्वतः करावं का?

नाही. घरमालकाची परवानगी घ्या आणि काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, तेही त्याच वेळी विचारा. करंट गळू लागला तर तो पुरवठा तोडतो. आणि पंखा पुसताना एक सवय लावून घ्या : स्टुलावर चढण्याआधी पिन काढा.