कळसूबाईचा खरा कस उतरताना

डोंगरवाटांवर धावायचे म्हणजे दमसास हवा, असे आपण मानतो; पण खरी परीक्षा पायांची असते आणि तीही उतरताना. अकोले तालुक्यातले 1646 मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातले सर्वोच्च शिखर याचा उत्तम दाखला आहे. बारी गावातून चढताना धाप लागते, शिड्यांवर वेग मोडतो. तरी दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालतात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. पुन्हा तसाच व्यायाम केल्यास ही इजा कमी होते. म्हणून सपाट रस्त्यावर कितीही किलोमीटर धावले तरी उताराचा सराव वेगळा करावाच लागतो. आल्प्समध्ये 2003पासून होणाऱ्या माँ ब्लाँ शर्यतीत सुमारे 170 किलोमीटरमध्ये जवळपास 10,000 मीटर चढ असतो, आणि सुरुवातीच्या गावीच परतायचे असल्याने उतारही तेवढाच.

यावर कुणी म्हणेल, उतारावर धावून गुडघे झिजतील. घाई केली तर ती भीती रास्त आहे. पण छोटी पावले, हळूहळू वाढवलेला उतार, मांड्यांसाठी उठाबशा आणि मधे विश्रांती ठेवली तर धोका बराच घटतो. तीव्र चढावर चालण्यातही कमीपणा नाही. नामवंत धावपटूही तिथे चालतात. पावसाळ्यात मात्र शेवाळलेल्या कातळावर धावणे हे धाडस नव्हे, अविचार. डोंगर कुठे पळून जात नाही. पाय तयार व्हायला वेळ द्यावा.